पहिली घागर गावाची

पारनेरकडच्या आमच्या माळावर बिअरचा कारखाना उभा राहिला तो माझ्या वडिलांच्या तळहातावरच्या नारळामुळे. हे आज ठणकावून सांगतो, कारण जिथे सांगायला हवं होतं तिथे माझी दातखीळ बसली.

वडील पाणाडी, जमिनीखालचं पाणी शोधून देणारे. कारखाना काढायला आलेल्या साहेबांच्या यंत्रवाल्यांनी दोन जागी खडक फोडला, नुसती धूळ निघाली. मग वडिलांना बोलावणं आलं. हातावर आडवा नारळ ठेवून ते ओढ्याकाठाने चालत गेले आणि एका बाभळीपाशी नारळ ताठ उभा राहिला. "हितं खांदा," म्हणाले. तिथल्या विहिरीला लागलेलं पाणी पुढे दुष्काळातही आटलं नाही. साहेबांनी पैसे पुढे केले. पण पाणाड्याने पाण्याचे पैसे घेतले की नारळ पुन्हा उभा राहत नाही, असं आमच्याकडे मानतात. वडिलांनी तेवढा नारळ घेतला आणि म्हणाले, "रोज पहिली घागर गावाची." चार माणसांदेखत साहेब हो म्हणाले.

बिअर आधी नगरात खपली, मग मुंबईच्या हॉटेलांत गेली आणि बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून मागणी आली. त्याच आठवड्यात गावच्या बायकांना रिकाम्या घागरींसकट कारखान्याच्या फाटकावरून परतवून लावलं. गावातल्या विहिरी कोरड्याठाक आणि इकडे बाटल्या धुतलेलं पाणी गटारातून वाहत होतं! वडील विचारायला गेले तर साहेब म्हणाले, "असं कुठे लिहून दिलंय का आम्ही?" गरज सरो, वैद्य मरो. अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

मी त्याच ऑफिसात टायपिस्ट होतो. परदेशी गिऱ्हाइकांसाठी कंपनीच्या इतिहासाची पुस्तिका निघणार होती. साहेब सांगत गेले, मी टाईप करत गेलो: आमच्या तज्ज्ञांनी यंत्राने शोधलेली विहीर, खडकातलं गोड पाणी, तीच आमच्या बिअरची खरी चव. तज्ज्ञ म्हणे! माझी बोटं एकदाही अडखळली नाहीत, याची मला साहेबांपेक्षा जास्त चीड येते.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "आपल्या हिरीचं काय लिवलं रं?"

"तुमचं नाव न्हाई घातलं त्यांनी," मी म्हणालो.

"नाव घिऊन काय चाटायचंय? घागरीचं लिवलं का?"

घागरीचं कुठेच लिहिलं नव्हतं. आणि लिहायला बसलेला मीच होतो.