फाडून नेलेलं पान

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. मी बी.ए.ला होते, महाल भागातल्या आमच्या घरी मला बघायला मंडळी आली होती आणि बाहेर नागपूरचा मे महिना पेटला होता. पोहे झाले, मग मुलाच्या काकांनी रीतीप्रमाणे मुलीचं अक्षर बघायला मागितलं. आईने हाताला लागली ती वही आणून दिली. तिला वाटलं, कॉलेजच्या नोट्स असतील. त्या वहीत मी वर्षभर एक गोष्ट लिहीत होते, परग्रहावरून आलेल्या पुरुषाची आणि आमच्या जवळच्याच इतवारीतल्या एका मुलीची. काकांनी त्यातली एक ओळही वाचली नाही. वाचून हसले असते तरी मला चाललं असतं. "अक्षर मोत्यासारखं आहे पोरीचं, घरी दाखवाले नेतो," म्हणाले आणि शेवटचं पान टर्रकन फाडून खिशात घातलं. "माझं पान द्या," मी जवळजवळ ओरडलेच. "एका कागदासाठी काहून चिडून राहिली वं?" हे विचारलं माझ्याच बाबांनी. पान गेलं, आठवड्याने नकारही आला. उरलेल्या वहीत तो पुरुष "येतेस माझ्यासोबत?" असं विचारून थांबला होता; तिचं उत्तर त्या खिशात गेलं. पुढे मी अशाच प्रेमाच्या चौदा कादंबऱ्या लिहिल्या, आणि प्रत्येकीत ती मुलगी बैठकीत बसलेल्या कुणाकडे ढुंकूनही न बघता त्याच्या यानात चढते.