अंबाच्या पानातलं मीठ

तिरुवैयारूजवळच्या सरकारी दवाखान्यात राजम नर्स आहे, वीस वर्षं झाली. चक्कर येते म्हणून कुणी पोर आली की राजम तिला आधी पाच मिनिटं आडवी करते, मग दहा मिनिटं उभी ठेवते आणि मनगट सोडत नाही. रांग खोळंबते, लोक कुरकुरतात. राजम त्यांना भीक घालत नाही.

कारण त्या रांगेत तिला अजून अंबाक्का दिसते. थोरली बहीण, उभी राहिली की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे काळोख यायचा. अंगात काहीतरी शिरलंय असं घरात ठरलं आणि आईने नवस बोलला: बरी होईतो पोरीच्या पानात मीठ नाही. वाढायला बारा वर्षांची राजम. "चिमूटभर घाल गो," अंबाक्का एकदा हळूच म्हणाली. राजमने ते आईला जाऊन सांगितलं, वर शाबासकीही घेतली. त्याच महिन्यात कावेरीच्या घाटावर धुणं उचलून अंबाक्का उभी राहिली, ती तोल जाऊन पुराच्या पाण्यातच गेली. आजही मिठाची बरणी उघडली की राजमला ते "चिमूटभर घाल गो" ऐकू येतं.

या वर्षी भुवना आली. एकोणीस वर्षांची, वर्षभर असंच चाललेलं, कॉलेज सुटलेलं. आडवी असताना नाडी शहात्तर. उभी केल्यावर दहाव्या मिनिटाला एकशे चोवीस. रक्तदाब मात्र उतरला नाही. डॉक्टर वैद्यनाथांनी रक्त, थायरॉइड, ईसीजी सगळं पाहिलं. कुठे काही नाही.

"याला पॉट्स म्हणतात," ते म्हणाले. "उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि हृदय धावत सुटतं. भरपूर पाणी, जेवणात जास्त मीठ, पायांत घट्ट मोजे, उठायचं सावकाश. व्यायाम आधी बसूनच."

भुवनाची आई चपापली. "मीठ कसं देऊं, अक्का? सहा मास झाले, अळणीच जेवते. नवस आहे. मोडला तर पाप कोणाला?"

राजमने भुवनाचं मनगट सोडलं नाही.

"मला," ती म्हणाली. "माझ्या नांवानं मोड. एक आधीचं आहेच माझ्या माथ्यावर."

दोन महिन्यांनी भुवना रांगेत उभी होती, भिंतीला न टेकता. थकत होती अजून, पण कॉलेजला जात होती.

पुढच्या आठवड्यात अंबाक्काची तिथी आली. श्राद्धाच्या पानात मीठ वाढत नाहीत, हे राजमला पक्कं ठाऊक होतं. भटजी हां हां करत अडवेपर्यंत तिने पानात मूठभर मीठ वाढलं.

"जेव गो, अंबाक्का," ती म्हणाली.