बाबांच्या जागचा डाग

माझे बाबा असले तरी सांगते. काका गेल्यावर त्यांनी काकांचा फोटो स्टुडिओ घशात घातला आणि काकूपुढे जुन्या लेन्सची पेटी आपटली. "वहिनी, हे भंगार तेवढं तुमचं."

अडॅप्टर लावून काकूने काकांची लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली आणि हाताने रिंग फिरवत फोकस करायला शिकली.

माझ्या लग्नात फोटो काकूनेच काढायचे, असा मी हट्ट धरला. सगळ्यांच्या एकत्र फोटोला बाबा पुढे खुर्चीत ऐटीत बसले. काकूने रिंग सावकाश फिरवली, बाबांना सोडून मागच्या रांगेपर्यंत.

मागच्यांच्या पापण्यासुद्धा स्पष्ट आल्या. बाबांच्या जागी नुसता धुरकट डाग.

"वहिनी, मी कुठाय?"

"भंगारच ते, भावजी. त्यात तुम्ही कसे दिसणार?"

तो फोटो मी मोठा करून स्टुडिओत लावलाय, बाबांच्या गल्ल्यासमोर.