आबा किलिमांजारोवर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याजवळच्या एका साखर कारखान्यात नोकरीला होतो. आई गेल्यावर वडील चोपड्याच्या घरात अगदी गप्प झाले होते. मी त्यांना दोन-तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. सगळे त्यांना आबा म्हणत, आम्हीही.

आबा रोज सकाळी चहा घेऊन अंगणात बसत आणि बर्फाचा तो डोंगर बघत. एक दिवस म्हणाले, "तठे लोके जातस का रे?"

जातात म्हटल्यावर त्यांनी विषय सोडलाच नाही. वय साठीला टेकलेलं. पण जन्म केळीच्या मळ्यात गेलेला, अंग काटक. डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हटलं. मग मी रजा टाकली, लोकरीचे कपडे उसने आणले आणि एक वाटाड्या ठरवला. तो माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याच्यासोबत मदतनीस आणि सामान वाहणारे होते.

पहिल्या दिवशी वाट गावातून निघाली. दोन्ही बाजूंना केळीच केळी. आबांचा चेहरा उजळला. "बठ्ठी केळीच शे ना रे आठे!" म्हणत ते एका खोडाशी थांबले, पान उलटून बघू लागले. वाटाड्याने हसून त्यांना हाताला धरून पुढे काढलं. "पोले पोले," तो सारखा म्हणे. म्हणजे हळूहळू. पुढे जंगल लागलं, मग खुरटी झुडपं, आणि मग नुसते दगड. आबा मान खाली घालून एका लयीत चालत होते. मी मात्र पुढे पळत होतो, फोटो काढत होतो.

शेवटच्या मुक्कामाच्या अलीकडे एक उजाड माळ आहे. तिथे माझं डोकं ठणकू लागलं. दोनदा उलटी झाली. पाय टाकायचो एकीकडे, पडायचा दुसरीकडे. वाटाड्याने मला चालून दाखवायला सांगितलं, डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. मला आताच खाली जायला हवं होतं. मदतनीस माझ्याबरोबर उतरणार होता.

"आबा, आपण परत जाऊ," मी म्हटलं.

आबांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. वाटाड्याकडे बघून विचारलं, "याले धोका शे का?" मी ते त्याला इंग्रजीत विचारलं. खाली उतरला की बरा होईल, तो म्हणाला.

आबांनी वर डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू खाले जाय. माले वर जानं शे."

मी बघतच राहिलो. आमच्यासाठी हा माणूस आयुष्यभर प्रत्येक ठिकाणाहून मागे फिरलेला. लग्नकार्याला गेला तरी केळीला पाणी द्यायचंय म्हणून जेवून लगेच निघणारा. मला थोडं लागलंही, खोटं कशाला सांगू. पण उतरताना मागे वळून पाहिलं, तर ते वाटाड्याच्या मागे त्याच लयीत चालले होते, आणि मला एकदम बरं वाटलं.

खालच्या मुक्कामाला पोचेपर्यंत माझं डोकं हलकं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारभर मी वाटेकडे डोळे लावून बसलो. ते आले तेव्हा ओठ फुटलेले, नाक सोललेलं. वाटाड्याने त्यांचा हात धरला होता.

"पोचलात?"

"गऊ ना! तठे उभा ऱ्हायनू अन् माले रडू उनं." आबा बाकावर बसले, मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. "तुन्या मायनं बठ्ठं सांगं मी याले. कशी आजारी पडनी, कशी गई."

"अहो, त्याला तुमची भाषा कुठे येते?"

"समजनं व्हई," आबा म्हणाले. "तोबी रडना."

मी वाटाड्याला विचारलं. तो बुटांच्या नाड्या सोडत होता. म्हणाला, म्हातारे वाटभर कुणाबद्दल तरी बोलत होते. गेलेल्या बाईबद्दल असणार, आवाजावरून कळलं. त्याची स्वतःची आईही याच वर्षी गेली होती.

मी ते आबांना सांगितलं. ते उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि आपल्या कपातला चहा त्यांनी त्याच्यापुढे धरला.