रीताबाईंच्या वर्गात गप्प बसताना

शिक्षक मंडळी जमली की किस्स्यांना तोटा नसतो. त्यातून शिक्षकांनाच विद्यार्थी करून बाकावर बसवलं, तर विचारूच नका. नागपूरच्या ज्युनिअर कॉलेजात सोळा वर्षं फिजिक्स शिकवून मी अमेरिकेत ॲन आर्बरला आले. इथल्या शाळेत शिकवायचं तर आधी ट्रेनिंग करा म्हणाले. ट्रेनर कोण, तर फिनलंडच्या रीताबाई. त्यांचा नियम एकच: उत्तर शिक्षकाने सांगायचं नाही, मुलांनी शोधायचं. आता मला सांगा, उत्तर सांगणं सोडून आम्हाला दुसरं येतं तरी काय?

* * *

आमच्या बॅचमध्ये पुण्याचे प्रकाशकाका होते. रिटायर्ड इंजिनिअर, घरी बसून कंटाळा आला म्हणून आलेले. पहिल्या दिवशी रीताबाईंनी टेबलावर भोवरा फिरवला.

"अँग्युलर मोमेंटम," काका म्हणाले.

"मी अजून काही विचारलेलं नाही."

"विचारा की. उत्तर तयार आहे."

* * *

जानेवारीत बाईंनी आम्हाला बाहेर नेलं. अर्धा तास बर्फाचं नुसतं निरीक्षण करायचं, बोलायचं नाही. काका माकडटोपी, त्यावर मफलर, त्यावर जॅकेटचं हूड अशा थाटात उभे. दहाव्या मिनिटाला त्यांनी अदबीने हात वर केला.

"मॅडम, याचा व्हिडिओ नाही का?"

* * *

माझा पहिला पाठ मात्र साफ बुडाला. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत काय असतं, असं मी मुलांना विचारलं आणि दोन सेकंदांत मीच सांगून टाकलं. वर "लिहून घ्या" म्हणाले. पोरांकडे वह्याच नव्हत्या.

रीताबाई शांतपणे म्हणाल्या, "आज तू खूप शिकवलंस. मुलांनी शिकायचं कधी?"

पास झाल्याची बाईंची सही मिळवायला आता एकच संधी उरली होती. ती गेली असती तर यंदाचं शिकवण्याचं लायसन्स गेलं असतं आणि जवळच्या शाळेने देऊ केलेली नोकरीही. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी चक्क रडले.

* * *

मग घरी प्रॅक्टिस सुरू केली. माझी लेक ईशा विचारायला आली, "आई, व्हेअर इज माय चार्जर?"

"तुला काय वाटतं?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आय थिंक, आय शुड आस्क बाबा."

* * *

दुसरा पाठ सहावीच्या वर्गावर. मागे रीताबाई वही उघडून बसलेल्या. मी दोन ग्लास ठेवले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं, दोन्हींत सारखाच बर्फाचा खडा. आधी कुठला वितळेल? सगळ्यांचं एकमत, मिठातला. थंडीत इथे रस्त्यावर मीठच टाकतात ना! माझंही उत्तर तेच होतं. घरी एकदा करून बघावं, एवढंही मला सुचलं नव्हतं. सोळा वर्षांचा अनुभव!

साध्या पाण्यातला बर्फ वितळून गेला. मिठातला आपला मजेत तरंगतोय.

पंचवीस पोरं माझ्या तोंडाकडे बघतायत. "बट व्हाय?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. मी काय बोलणार, कप्पाळ? मी तिच्याकडे नुसती बघत राहिले.

वाट बघून पोरं आपापसात भांडायला लागली. ग्लास बदलून झाले, पाणी बदलून झालं. मग कुणीतरी नव्या खड्यांवर शाईचा थेंब टाकला. साध्या पाण्यात रंगाची धार सरळ तळाला गेली. मिठाच्या पाण्यात रंग वरच बसून राहिला.

"वितळलेलं गार पाणी वरच अडकलंय," ती मुलगी हळूच म्हणाली. "खालचं कोमट पाणी बर्फापर्यंत पोचतच नाहीये."

अरे देवा, असं होय!

तास संपल्यावर रीताबाई उठून आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "वीस मिनिटं तू एक शब्द बोलली नाहीस. उत्तर माहीत असताना हे कसं जमवलंस?"

मी फक्त हसले आणि सही करायला त्यांच्या हातात पेन दिलं.