रिव्हर्सकाकांचे दोन बोळ

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं की बोळाचं टोक दिसत नव्हतं. टोकाला भिंतच होती, त्यामुळे बिघडलं काही नाही. रिव्हर्सकाका काचांवरचं दव पुसत दवाखान्याच्या गाड्या एकामागे एक आत लावत होते. आधी शिरेल ती भिंतीशी, शेवटी शिरेल ती तोंडाशी, काढताना उलटं. अर्धं आयुष्य मान मागे वळवण्यात गेलं, म्हणून हे नाव.

भानगड मोठ्या डॉक्टरांची. यायचे सगळ्यांच्या आधी आणि निघायचे भर दुपारी. त्यांच्यापायी बाकीच्या गाड्या रस्त्यावर काढून उभ्या कराव्या लागत. काल मागे बस अडकली, पोलीस आला. मॅनेजर म्हणाले, "हात चालवा जरा, काका. पुन्हा रस्ता अडला तर दुसरा माणूस बघतो."

या वयात काकांना दुसरं काम कोण देणार?

भाची कॉलेजात संगणक शिकवते. डबा घेऊन आली, मामाचं तोंड पाहिलं, सगळं ऐकलं.

"हात चालवून काही व्हायचं नाही, मामा. एका बोळाला उलटा क्रम तेवढा जमतो. भिंतीशी अडकलेलं आधी काढणं त्याच्या कुवतीतच नाही. आम्ही कागदावर असलीच यंत्रं मांडतो, कुणाला काय जमेल नि काय जन्मात जमणार नाही ते बघतो."

"मग मी काय करू?"

"शेजारचा बोळ मिळव. दोन झाले की कुठल्याही संगणकाला जे जमतं ते सगळं जमतं. तिसऱ्याने ताकद वाढत नाही. फक्त बोळ न संपणारे धरायचे."

"भिंत आहे गं."

"तुझ्या गाड्यांपुरतं चालेल."

शेजारच्या बोळात लाँड्रीवाल्या बाईंच्या चादरी वाळायच्या. अडला हरी! काका गेले.

"एका चादरीला डाग लागला तर तुम्हालाच दोरीवर टांगीन," बाई म्हणाल्या.

"मीच उतरवतो, मीच परत टाकतो. मग तर झालं?"

दुपारी चादरी उतरल्या. एकेक गाडी शेजारच्या बोळात शिरली, डॉक्टर निघाले, बाकीच्या परत आल्या त्या पहिल्याच क्रमाने. रस्त्यावर एकही थांबली नाही. डॉक्टर फोनवर होते. त्यांना काही कळलंच नाही.

मॅनेजर खूश. "काका, मागच्या बाजूचाही बोळ मिळवून देऊ?"

"नको साहेब. तिसऱ्याने ताकद वाढत नाही. नुसत्या चादरी वाढतात."

काका बाईंच्या दोरीकडे वळले. शेवटी उतरवलेली चादर ढिगाच्या वर होती. त्यांनी ती आधी उचलली आणि झटकली.