रेशम कुणाकडं बघत होती

नलू गेली तेव्हा मी वाळूजला मुलीकडं होते, डोळ्याचं ऑपरेशन करून. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि रडायचं तर अजिबात नाही. म्हणून मुलीनं आणि जावयानं बातमी माझ्यापासून लपवून ठेवली. तिसऱ्या दिवशी तपासणीसाठी रिक्षानं शहरात आणलं, तेव्हा औरंगपुऱ्याच्या कोपऱ्यावर मी एका डोळ्यानं फ्लेक्स वाचला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर एका माणसाचा हात जोडलेला फोटो, भिंतीएवढा. त्याच्या शेजारी त्याच्या मुलाचा, खिडकीएवढा. आणि खाली कोपऱ्यात माझी नलू, पोस्टाच्या तिकिटाएवढी. तो फोटो मी ओळखला, कारण तो मीच काढलेला आहे, आयुष्यात काढलेला एकच. त्यात नलूनं दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी धरलाय. फ्लेक्सवर तो गळ्याखाली कापला होता. कॅमेरा गेला, गळ्यातला पट्टा तेवढा राहिला... नुसता पट्टा गळ्यात कसा दिसतो, ते मी सांगायला नको. मुलगी म्हणाली, "आई, रडू नको, डोळा जाईल." मी म्हटलं, "रडत नाय मी. मला राग आलाय. रागाला डॉक्टरनं मना केलेलं नाय."

तो राग आज दीड महिना झाला तसाच आहे. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, लिहा, पण फ्लेक्सवरच्या त्या गृहस्थांचं नाव घालू नका. नाही घालत. मी त्यांना मालक म्हणते. फुलंब्रीकडं ज्यांनी कधी घोडा बघितलाय, ते ओळखतीलच.

नलूचा गुलमंडीत एका जिन्याखाली स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक पडदा, दोन दिवे आणि एक स्टूल. नवरा होता तोवर तो फोटो काढायचा आणि ही गिऱ्हाइकाच्या कपाळावरचे केस सारखे करायची. तो गेल्यावर हिनंच कॅमेरा हातात घेतला. कुणी शिकवलं नाही. पहिले कितीतरी फोटो डोकं कापून आले, लोक परत यायचे आणि ही हसून म्हणायची, "पुन्हा बसा, आज तुमचं डोकं जाग्यावर आहे." मी वरच्या मजल्यावर राहायचे, फॉल-पिकोचं काम करायचे. एके दिवशी एक माणूस आपलं कुत्रं घेऊन आला. नलू म्हणाली, "पासपोर्ट काढायचाय का ह्याचा?" तो म्हणाला, "स्पर्धेला पाठवायचाय ताई, जनावराच्या फोटोची स्पर्धा असते." कुत्रं काही केल्या समोर बघेना. मी जिन्यातून खाली येत होते, हातात फुटाण्याचा डबा होता. पायरीवर तो खुळखुळला आणि कुत्र्याचे दोन्ही कान ताठ झाले. नलूनं खटका दाबला. त्या दिवसापासून आमची जोडी झाली. ती कॅमेऱ्यामागं, मी बाजूला डबा घेऊन.

लोकांना वाटतं जनावराचा फोटो म्हणजे सोपं, ते काही हसत नाही, डोळे मिटत नाही. सगळं काम कानांत असतं. कान पडले की चांगला हजारांचा घोडाही गाढव दिसतो. डबा फार वाजवला तर जनावर खायला धावतं, कमी वाजवला तर शेपूट झोडत बसतं. बरोबर एकदा, हलका वाजवायचा, आणि त्या एका श्वासात नलूनं खटका दाबायचा. आम्ही एकमेकींकडं बघायचोसुद्धा नाही. ती बोलायची ती जनावराशी. "बस की माझे बाय, लग्नाचा फोटो आहे असं समज." घोड्यांची माहिती मात्र माझी. माझे वडील फुलंब्रीला घोड्यांना नाल ठोकायचे. शाळा चौथीत सुटली आणि पुढचं शिक्षण त्यांच्याशेजारी बसून झालं, घोड्याच्या अंगावरचे भोवरे वाचण्याचं. गळ्यावरचा भोवरा शुभ, अमक्या ठिकाणचा अशुभ. नलू म्हणायची, "कमे, तू घोडा वाचतेस आणि पेपर वाचत नाहीस."

मालकांकडं रेशम नावाची कारवान जातीची कुत्री होती. रेशमच, दुसरं नाव तिला शोभलं नसतं. तेव्हा रोलचा जमाना होता. नलूनं तिचा फोटो काढला, मान उंच, कान उभे, नजर किंचित उजवीकडं. मालकांनी तो स्पर्धेला पाठवला आणि पहिला आला. बक्षिसाला आम्ही दोघी इस्त्रीच्या साड्या नेसून गेलो. फोटोखाली पाटी होती, छायाचित्रकार म्हणून मालकांच्या चिरंजीवांचं नाव. हा मुलगा त्या दिवशी तिथं हजरसुद्धा नव्हता. नलू मालकांकडं गेली आणि हळूच म्हणाली, "मालक, पाटी चुकली वाटतं." चार माणसं शेजारी उभी होती. मालक त्यांच्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. त्या दिवशी कुत्रं धरायला होत्या." ती चार माणसंही हसली. नलू परत आली. रिक्षात एवढंच म्हणाली, "कमे, डबा तू विसरली नाहीस ना तिथं?"

पुढं किती वर्षं लोक तिला कुत्रं धरणारी बाई म्हणत होते, ते तिनं मोजलं नसेल. मी मोजलं.

दहा-बारा वर्षांनी मालक पुन्हा आले. आता डिजिटल कॅमेरे आले होते. त्यांनी एक पांढरी घोडी घेतली होती, गौरी. दुसऱ्या एका शौकिनाशी तिचा सौदा जवळजवळ ठरला होता, फक्त त्याआधी तिचा फोटो स्पर्धेत लागावा, म्हणजे घोडीचं नाव होईल, असा बेत. मी म्हटलं, जाऊ नको. नलू म्हणाली, "ह्या वेळी नाव माझंच लागेल, कबूल केलंय त्यांनी." काय करावं अशा बाईला... कबूल केलंय म्हणे.

सकाळी आम्ही त्यांच्या तबेल्यावर गेलो. गौरीच्या तोंडावरच्या म्होरकीला डाव्या गालावर लाल गोंडा होता, एकाच बाजूला. मला तेव्हाच शंका आली. स्पर्धेचा नियम, चेहऱ्यावर साज चालणार नाही. गोंडा काढला आणि मी बघितलं. डाव्या डोळ्याच्या खाली, आसू ओघळतो नेमक्या त्या जागी, केसांचा भोवरा. आमच्याकडं ह्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी ज्याच्या दावणीला, त्याच्या घरात रडणं येतं, अशी समजूत. मालकांनी ती खोड लपवून घोडी विकायला काढली होती. मालक म्हणाले, "फोटो उजवीकडून घ्या," आणि फोनवर बोलत लांब गेले. नलूनं मला विचारलं, "कमे, कुठून घेऊ?" ती ह्या बाबतीत मलाच विचारायची. मी सूर्याकडं बघितलं, घोडीकडं बघितलं आणि म्हटलं, "डावीकडून. उजेड तिकडंच चांगलाय." उजेड खरंच तिकडं चांगला होता, हे मी आजही सांगेन. घोडी मी फिरवली. डबा एकदा वाजवला. कान उभे राहिले.

मालक आले, कॅमेऱ्याच्या मागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर बघितलं, चष्मा खिशातच. म्हणाले, "झकास." बस्स.

हॉलमध्ये तो फोटो दाराएवढा करून लावला. पहिलं बक्षीस. आणि खाली पाटी, पुन्हा चिरंजीवांचीच. मी तेव्हा देवाचे आभार मानले. त्यांनी शब्द पाळला असता आणि नलूचं नाव लावलं असतं, तर माझा बेत तिच्याच अंगावर आला असता, हे मला ती पाटी बघेपर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं. घोड्यांचे शौकीन लांबलांबून आले होते. एक म्हातारा व्यापारी फोटोसमोर काठी टेकून बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "आरं, ही तर आसूढाळ हाय." मोठ्यानं नाही म्हणाला. पण सगळ्यांनी ऐकलं. सौदा करणारे गृहस्थ पुढं आले, भोवरा बघितला, बंद्या रुपयाएवढा होता, आणि चिरंजीवांना विचारलं, "फोटो तुम्हीच काढला ना?" चिरंजीव बापाकडं बघायला लागले. आता काय सांगणार? बाईनं काढला म्हणावं तर बक्षीस जातं आणि जुनं बक्षीसही उकरून निघतं. मी काढला म्हणावं तर पोरानंच बापाची घोडी उघडी पाडली. "हो," म्हणाले चिरंजीव. ते "हो" मी अजून कधीकधी जेवताना आठवते, घास गोड लागतो.

मालक दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आले. उभे राहूनच म्हणाले, "बाई, हा फोटो कुणी काढला?" नलूला काही ठाऊक नव्हतं. ती सरळ मनानं म्हणाली, "तुमच्या चिरंजीवांनी. खाली लिहिलंय की." ते गेले. मग ती माझ्याकडं वळली. "कमे, आसूढाळ म्हणजे काय गं?" मी सगळं सांगितलं, जरा मिरवूनच सांगितलं. मला वाटलं हसेल. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझ्या हातानं केलंस. आणि त्या मुक्या जिवाचं आता काय होणार?"

पुढची संक्रांत येऊन गेली तरी ती माझ्याशी बोलली नाही. तिळगूळ मी जिन्यात ठेवला, तो तिनं घेतला, पण बोलली नाही. त्या काळात डबा वाजवायला तिनं दुसऱ्या कुणालाही बोलावलं नाही, एवढं मात्र मी वरून ऐकत होते. गौरीला कुणी विचारेना. शेवटी छावणीतले चाँदभाई, नवरदेवाला घोडी देणारे, त्यांनी ती नेली. नलूनं ते शोधून काढलं आणि एके सकाळी जिन्यातून हाक आली, "कमे, डबा घे." आम्ही छावणीत गेलो. मी मान खाली घालून विचारलं, "चाँदभाई, हिला आसूढाळ आहे, तुम्हाला चालतंय?" ते गौरीला खरारा करत म्हणाले, "अरे खाला, दूल्हे कू सेहरे में से कुछ दिखताच नहीं. और रोना तो उस घर में वैसे भी होताच है, बिदाई का." नलू खदाखदा हसली. किती महिन्यांनी. मग तिनं गौरीचा फोटो काढला, डाव्याच बाजूनं, भोवऱ्यासकट, आणि स्टुडिओत लावला. खाली स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. परत येताना मला म्हणाली, "मी आहे तोवर हे कुठं बोलायचं नाही. मालकांसाठी नव्हे. गौरीसाठी." गौरी चाँदभाईंकडं सुखात म्हातारी होऊन गेली. मी शब्द पाळला.

आता तीही नाही, तूही नाहीस नलू. त्यामुळं बोलते.

मालकांनी शोकसभा घेतली. स्टेजवर रेशमचा तो फोटो, खाली तीच चिरंजीवांची पाटी, शेजारी नलूचा तिकिटाएवढा फोटो मोठा करून त्याला हार. मालक म्हणाले, "जनावरं धरण्यात ताईंचा हात कुणी धरू शकत नव्हतं." टाळ्या झाल्या. मी पहिल्या रांगेत होते. उठून सगळं सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. पण सभेत शंभरएक माणसं, त्यातली निम्मी त्यांचीच. ही पुरवणी मात्र त्यांच्या गावात घरोघरी जाते. तेव्हा मालक, सावकाश चष्मा लावून वाचा. गौरीचा डावा गाल फोटोत आला तो अपघात नव्हता, मी फिरवली तिला. गौरीचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं. तुमचं नाही.

सभेनंतर चार दिवसांनी त्यांचा माणूस आला होता. ताईंचे जुने रोल द्या, मालकांना संग्रह करायचाय. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. रेशमचा रोल माझ्या कपाटात आहे. नलूच्या स्टुडिओची किल्ली अजून माझ्याकडंच आहे, रोज सकाळी उघडते, झाडते, स्टूल पुसते, आणि ती निगेटिव्हची पट्टी खिडकीच्या काचेला लावून बघते. नवा डोळा चांगला चालतोय. एका चौकटीत रेशम, कान उभे, नजर उजवीकडं. स्पर्धेतला हाच. आणि त्याला लागून पुढची चौकट. काम झाल्यावर नलूनं हसत कॅमेरा उजवीकडं वळवला आणि रेशम ज्याच्याकडं बघत होती, तेही काढून ठेवलं. हातात फुटाण्याचा डबा घेतलेली एक बाई. चिरंजीवांनी पुन्हा पाटी लावण्याआधी सांगावं, ही बाई कोण, आणि डब्यात काय होतं. कुणालाही बघायचं असेल तर सकाळी या, जिना चढायची गरज नाही, खालीच आहे. त्या पाटीवर नलूचं नाव लागेपर्यंत मी खिडकी उघडी ठेवणार आहे.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. मी तेव्हा चाळिशीतली होते, वेणी काळीभोर. पट्टीत मात्र केस पांढरेशुभ्र आहेत, आज आहेत अगदी तसे. जणू नलूला तेव्हाच ठाऊक होतं, साक्ष द्यायला म्हातारीच लागणार आहे.